शाळेंतील गळती आणि शेतकऱ्याचें घर

विहिरीला पाणी भरपूर आहे, पंपही नवा आहे, तरी शेवटच्या वाफ्यांत पीक वाळत असेल, तर शहाणा बागाईतदार विहीर आणखी खोल खणावयास धांवत नाहीं. तो खांद्यावर फावडें टाकून पाटाच्या कडेनें चालूं लागतो. कोठें घुशीनें भोंक पाडलेलें असतें, कोठें वळणावर बांध खचलेला असतो, कोठें पाणी परस्पर ओढ्याला जात असतें. पाणी वर काढण्याला जेवढें महत्त्व, तेवढेंच तें पिकाच्या मुळापर्यंत नेण्याला आहे, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं.

आपल्या देशांतील शाळांची स्थिति गेलीं शंभर वर्षें अशीच आहे. शाळा वाढल्या, शिक्षक वाढले, इमारती झाल्या, कायदे झाले. पहिलीच्या हजेरीपटावर नांव नाहीं असें मूल आतां खेड्यांतही क्वचितच सांपडतें. परंतु पहिलींत ज्यांचीं नांवें घातलीं, तीं सर्व मुलें दहावी-बारावीच्या वर्गांत पोंचत नाहींत. वाटेंत कोठें तरी गळून जातात. शिक्षणखात्याच्या भाषेंत यास ‘गळती’ म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण ही गळती कोठून होते, केव्हां होते आणि ती बुजविण्याचें काम किती अंशीं आपल्याच हातीं आहे, याचा विचार शेतकरी वर्गांत व्हावा तितका होत नाहीं. तो व्हावा, एवढ्यासाठींच हा लेख.

गळतीचें पहिलें मोजमाप

हा प्रश्न नवा नाहीं. १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, अशी मागणी होती. त्याचबरोबर, शेतकऱ्यांचीं मुलें शाळेंत कां येत नाहींत व आलीं तरी कां टिकत नाहींत, याचें कारणही त्यांनीं स्पष्ट नमूद केलें होतें. दारिद्र्यामुळें आईबापांस हीं मुलें गुरें राखण्यास व शेतें सांभाळण्यास लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाहीं. शिष्यवृत्त्या व बक्षिसें देऊन मुलांस शिक्षणाची गोडी लावावी आणि शिकविण्याच्या विषयांत शेतीचें प्राथमिक ज्ञान घालावें, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यास एकशें चाळीसहून अधिक वर्षें लोटलीं, तरी यांतील एकही मुद्दा जुना झालेला नाहीं.

पुढें बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्यें तो सर्व राज्यास लागू केला. तें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ च्या मार्च महिन्यांत वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. पुढील वर्षीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापूरचे राजर्षि शाहू छत्रपति यांनीं १९१७ मध्यें आपल्या संस्थानांत मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळीं एक रुपया ही शेतकऱ्याच्या घरांत चांगलीच जाणवणारी रक्कम होती.

परंतु मूल शाळेंत घालणें ही एक गोष्ट आणि तें तेथें टिकणें ही दुसरी, हें आंकड्यांनिशीं लोकांच्या डोळ्यांत भरलें तें १९२९ च्या हारटॉग समितीच्या अहवालानें. १९२२-२३ मध्यें पहिल्या इयत्तेंत जीं १०० मुलें होतीं, त्यांपैकीं १९२५-२६ मध्यें चवथ्या इयत्तेंत अवघीं १८ उरलीं होतीं. राहिलेलीं ८२ कोठें गेलीं ? कांहीं शाळा सोडून गेलीं होतीं. कांहीं नापास होऊन खालच्याच इयत्तांत बसलीं होतीं. पहिल्या प्रकारास आपण गळती म्हणतों, दुसऱ्यास स्थगिति. दिसावयास हे दोन रोग निराळे आहेत. पण त्यांचें मूळ एकच आहे, हें शेतकरी सहज ओळखील. जें रोप वाफ्यांत खुंटतें, तेंच पुढें मरतें.

कोणी म्हणेल, दोन इयत्ता शिकला तरी तेवढेंच पदरांत पडलें. दुर्दैवानें तसेंही होत नाहीं. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें सातारा जिल्ह्यांत जी पाहणी केली, तिचा विषयच मुळीं, साक्षर झालेले लोक पुन्हां निरक्षर कसे होतात, हा होता, आणि प्रा. गाडगीळ व प्रा. वि. म. दांडेकर यांचा त्याच जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणावरील ग्रंथ १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. अर्धवट शिकलेलें अक्षर टिकत नाहीं. अर्धी ओल मिळालेलें बीं कोंब दाखवितें आणि करपून जातें. मग पेरणीही वाया आणि बियाणेंही वाया.

गळती एका दिवसांत होत नाहीं

‘मुलानें शाळा सोडली’ असें आपण म्हणतों, जणूं कांहीं एके दिवशीं सकाळीं उठून त्यानें तसें ठरविलें. खरा प्रकार तसा नसतो. मूल प्रथम चार दिवस गैरहजर राहतें, मग आठ, मग पंधरा. आणि शाळा केव्हां सुटली, हें त्याचें त्यालाही कळत नाहीं.

जरा हिशेब करूं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांचे वर्षांतून निदान २०० दिवस व सहावी ते आठवीचे २२० दिवस भरले पाहिजेत. समजा, पांचवींतील एक मुलगा दर बाजाराच्या दिवशीं घरीं राहतो, कारण बाप बाजारास जातो व गुरांकडे पाहण्यास कोणी नसतें. आठवड्याचे सहा दिवस शाळा धरली, तर २०० दिवसांचे सुमारें ३३ आठवडे होतात. म्हणजे ३३ दिवस येथेंच गेले. सुगींत १२ दिवस गेले, कांद्याच्या लागणींत १० गेले, आणि लग्नकार्यें, जत्रा व आजार मिळून आणखी १० गेले. बेरीज ६५ झाली. २०० दिवसांची शाळा त्या मुलाला १३५ दिवसच मिळाली. जवळजवळ तिसरा हिस्सा बुडाला. यांतील एकेक रजा पाहिली, तर प्रत्येक वाजवी वाटते. बापानें वाईट हेतूनें एकही दिवस मोडलेला नाहीं. घूससुद्धां पाट एकदम फोडीत नाहीं. थोडी थोडी माती काढते.

पुढें काय होतें ? गुरुजींनीं ज्या दिवशीं अपूर्णांकांचा भागाकार समजावून सांगितला, तो नेमका बाजाराचा दिवस होता. त्यावरचीं गणितें मुलास येत नाहींत. तो वर्गांत मान खालीं घालून बसतो. आणि जेथें आपणांस कांहीं येत नाहीं, तेथें रोज बसावें असें कोणासही वाटत नाहीं. मग तो स्वतःच म्हणूं लागतो कीं आज गुरांमागें मी जातों. बाप म्हणतो, ‘याचें डोकें चालत नाहीं, त्यापेक्षां कामाला लावलेला बरा.’ वास्तविक डोकें चालत नव्हतें असें नाहीं. पाय शाळेंत गेले नव्हते.

हें मी दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतों. माझ्याकडे एक सालगडी होता. त्याचा मुलगा चवथींत होता. तोंडी हिशेबांत चलाख आणि चेहऱ्यानें हंसरा. पौष महिन्यांत कांद्याची लागण निघाली, बायकांचा तुटवडा पडला, म्हणून वाफ्यांवर रोपें पुरविण्यास मीं त्या मुलास बोलाविलें. गड्यानें ‘नाहीं’ म्हणणें शक्यच नव्हतें. सालाची उचल त्यानें माझ्याकडून घेतलेली होती. आठ दिवसांनीं शाळेचे गुरुजी घरीं आले. मीं त्यांस चहा दिला आणि म्हणालों, ‘गुरुजी, चार दिवसांचें काम राहिलें आहे, मग पाठवितों.’ लागणीमागून खुरपणी निघाली, खुरपणीमागून काढणी. गुरुजी आणखी एकदां येऊन गेले. मग आले नाहींत. परीक्षा होऊन गेली. पुढील जून महिन्यांत मुलगा शाळेंत जाण्यास लाजूं लागला, कारण बरोबरीचे पुढें गेले होते. तो कायमचा कामावर राहिला.

आज तो माणूस माझ्याच गांवांत आहे. कामाला चोख आहे. पोटाला चिमटा घेऊन त्यानें दीड एकर कोरडवाहू जमीनही घेतली आहे. दर वर्षीं पीकविम्याचा किंवा बँकेचा कागद घेऊन तो माझ्याकडे येतो, ओटीवर बसतो आणि म्हणतो, ‘मालक, एवढं जरा वाचून दाखवा.’ मी वाचून दाखवितों. त्याच्या मनांत माझ्याविषयीं राग नाहीं. ती गोष्ट कदाचित् त्याच्या ध्यानांतही नसेल. पण तो कागद हातीं घेतांना मला दर वेळीं तीं कांद्याचीं रोपें आठवतात. त्या वर्षीं कांद्याला भाव काय मिळाला, तें मात्र आठवत नाहीं.

गळतीची जागा बदलली आहे

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानें, घटना अंमलांत आल्यापासून दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें सांगितलें होतें. ती मुदत १९६० मध्यें संपली. प्रत्यक्ष हक्क मिळण्यास २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ति व २००९ चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा अंमलांत आला.

मध्यंतरीं एक साधीच गोष्ट फार उपयोगी पडली. ती म्हणजे शाळेंतील दुपारचें जेवण. तामिळनाडूंत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनीं १९८२ मध्यें ही योजना मोठ्या प्रमाणावर चालू केली. १५ ऑगस्ट १९९५ पासून ती देशभर सुरू झाली. पण अनेक राज्यें शिजविलेल्या अन्नाऐवजीं कोरडें धान्य वांटीत असत. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्यावें, असा हुकूम केला. कोरडें धान्य घरीं जातें. शिजविलेल्या अन्नासाठीं मूल शाळेंत यावें लागतें. ज्या घरची आई भल्या पहांटे मजुरीस जाते, त्या घरच्या मुलास या जेवणाची किंमत विचारावी.

या सर्वांचा परिणाम झाला, हें मान्य केलें पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या शाळांच्या गणतीप्रमाणें देशांत पहिली ते पांचवी या टप्प्यावर वर्षाची गळती शेंकडा १.५ होती, सहावी ते आठवीस शेंकडा ३ होती, आणि नववी-दहावीस मात्र ती शेंकडा १२.६ वर गेली होती. हे आंकडे एकेका वर्षाचे आहेत. टप्प्यांतील प्रत्येक वर्षीं तशीच गळती होत राहिली, तर बेरीज केवढी होते, हें ज्याचें त्यानें पाहावें.

या आंकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. हारटॉग समितीच्या काळीं पाणी पहिल्या चार इयत्तांतच मुरून जात होतें. तें भोंक बरेंच बुजलें. आतां पाणी फुटतें तें आठवीच्या पुढें. कारण उघड आहे. कायद्याचा बांध चौदा वर्षांच्या वयाशीं व आठवीच्या इयत्तेशीं संपतो. आणि बांध जेथें संपतो तेथेंच पाणी बाहेर पडतें. त्याच वयांत मुलगा कामाला पुरा दिसूं लागतो आणि मुलगी लग्नाची दिसूं लागते. त्याच वेळीं गांवची शाळा संपते व हायस्कूल दोन-तीन कोसांवर असतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०३० पर्यंत बारावीपर्यंतच्या वयाचीं सर्व मुलें शाळेंत असावींत, असें ध्येय ठेविलें आहे. धोरण कागदावर धांवतें. मुलास मात्र तें अंतर पायीं तोडावें लागतें.

ऊंसाच्या फडाकडे पाहावें

गळतीचें सर्वांत मोठें भगदाड पाहावयाचें असेल, तर आपल्यापैकीं ऊंस लावणाऱ्यांस दूर जावयास नको. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊंसतोडीस जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळें दोघांसही जाणें भाग असतें. मग मुलांनीं कोणाजवळ राहावें ? शाळेच्या वर्षाचा मधला चार-पांच महिन्यांचा सबंध पट्टा कोपीवर जातो. आईबाप पहांटे फडांत गेल्यावर थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. ती नऊ-दहा वर्षांची असते. गांवच्या हजेरीपटावर तिचें नांव असतें. पण ती स्वतः आपल्या फडाच्या बांधावर असते.

या मुलांसाठीं साखरशाळा, गांवीं आजीआजोबांजवळ राहणाऱ्यांसाठीं हंगामी वसतिगृहें, आणि एका गांवचें मूल दुसऱ्या गांवच्या शाळेंत सहज घ्यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक, असे उपाय निघाले आहेत. ते उपाय चांगले आहेत. पण पत्रक बापाच्या खिशांत राहिलें आणि शाळा कोपीपासून दोन मैल राहिली, तर उपयोग होत नाहीं. मूल कोठें आहे, हें मुंबईच्या कचेरीपेक्षां फडाच्या मालकास अगोदर दिसतें.

ज्यांनीं गळती बुजविली

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. ज्यांनीं पाटाच्या कडेनें चालून भोंक कोठें आहे तें पाहिलें, त्यांस यश आलें आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें कराड तालुक्यांतील कालें येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्यें तिचें ठाणें साताऱ्यास नेलें. खेड्यांतील हुशार मुलगा फीसाठीं जितका अडतो, त्याहून राहण्याजेवण्याच्या सोयीसाठीं अधिक अडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून त्यांनीं वसतिगृहापासून आरंभ केला. सर्व जातींचीं मुलें एकत्र राहात, एकत्र जेवीत आणि स्वतःच्या श्रमानें खर्चाचा भार उचलीत. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्रही मोडलें, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. येथें एक मर्म लक्षांत घ्यावें. कर्मवीरांनीं मुलाच्या हातांतील काम काढून घेतलें नाहीं; तें काम शाळेच्या वेळापत्रकांत बसविलें. ‘कमवा व शिका’ याचा अर्थ हा आहे.

दुसरें उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें. त्यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें आणि पुढें तें डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या वस्तींत नेलें. मुलें शाळेंत येत नाहींत, कारण तीं गुरांमागें रानांत जातात, असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. ‘कुरणशाळा’ असें तिचें नांव. थोरली बहीण धाकट्या भावंडासाठीं घरीं अडकते, असें दिसलें, तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखालीं आणून त्यांनीं ‘विकासवाडी’ उभी केली. धाकटें पाळणाघरांत रमलें, म्हणजे थोरली पाटी घेऊन बसण्यास मोकळी झाली.

तिसरें उदाहरण बिहारचें. तेथील सरकारनें २००६ मध्यें नववींत जाणाऱ्या मुलींस सायकलीसाठीं पैसे देण्यास आरंभ केला. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनीं या योजनेचा अभ्यास करून २०१७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक शाळेंत नांव घालणाऱ्या मुलींचें प्रमाण सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढलें, आणि मुलगे व मुली यांच्यांतील अंतर ४० टक्क्यांनीं घटलें. लाभ मुख्यतः त्या खेड्यांत झाला, जेथून हायस्कूल ३ किलोमीटर किंवा त्याहून दूर होतें. मुलींस शिकावयाचेंच नाहीं, असें जें म्हटलें जात होतें, तें किती खोटें होतें, हें दोन चाकांनीं दाखवून दिलें. आपल्या राज्यांतही मुलींस एस. टी. चा मोफत पास आहे आणि मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत सायकलींची सोय आहे. आपल्या गांवच्या किती मुलींनीं तिचा लाभ घेतला, हें विचारणें आपलें काम आहे.

एक नेहमींचा आक्षेप

येथें एक आक्षेप हटकून येतो कीं शिकलेला मुलगा शेती करीत नाहीं. तो ना घरचा ना घाटचा होतो. यांत कांहीं तथ्य आहे. पुस्तकी शिक्षणानें मातीचा कंटाळा आलेले तरुण आपण पाहतों. पण नीट पाहिलें, तर ‘ना घरचा ना घाटचा’ ही अवस्था शिक्षणाची नसून अर्ध्या शिक्षणाची आहे. नववींतून बाहेर पडलेल्या मुलास नोकरी मिळत नाहीं आणि शेतींतील नवें ज्ञान वाचून घेण्याची संवयही लागलेली नसते. आजची शेती वाचल्यावांचून होत नाहीं. सातबारा, फेरफार, कर्जरोखा, विम्याची मुदत, ठिबकाचें माप, खताचें प्रमाण, सर्व कांहीं कागदावर आहे. २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. त्या दुर्घटनेस कारणें पुष्कळ होतीं. पण डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ काय आणि खालचा बारीक मजकूर काय सांगतो, हें वाचतां येणारा माणूस प्रत्येक फवाऱ्यामागें असावा, हा धडा त्यांतून घेतलाच पाहिजे.

आपण काय करावें

सरकारनें काय करावें, यावर पुष्कळ लिहिलें जातें. येथें फक्त आपल्या हातांतील गोष्टी सांगतों.

१. दुधाचा खाडा आपण दिनदर्शिकेवर मांडतों, तसा मुलाच्या शाळेचाही खाडा मांडावा. महिन्यांत चार खुणांच्या वर गेल्या, कीं गुरुजींस स्वतः जाऊन भेटावें व बुडालेला भाग भरून घ्यावा. गळती थांबविण्याची वेळ हीच. दाखला काढल्यावर उपाय राहात नाहीं.

२. कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. ही समिति नांवापुरती ठेवूं नये. शाळेचें वार्षिक वेळापत्रक ठरविण्याचें काम कायद्यानें स्थानिक प्राधिकरणाकडे दिलें आहे. गांवची सुगी केव्हां येते, हें समितीनें ठराव करून जिल्हा परिषदेस कळवावें आणि दिवसांची संख्या कायम राखून सुट्टी सुगीशीं जुळवून मागावी. सुट्टींत मुलानें घरच्या शेतांत हात लावला, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.

३. चौदा वर्षांखालील मूल मजुरीस लावूं नये. बालकामगार कायद्यांतील २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणें तो गुन्हा आहे. मालकास सहा महिने ते दोन वर्षें कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. घरच्या मुलानेंही शाळेची वेळ सोडून व सुट्टींतच मदत करावी, असें तोच कायदा सांगतो. लागणीचा किंवा वेंचणीचा ठेका देतांना मुलें आणूं नयेत, अशी अट मालकानेंच घालावी आणि तिच्यासाठीं मजुरी थोडी वाढवावी लागली तर वाढवावी. मजुराचें मूल स्वस्त पडतें म्हणून आपण तें लावतों, आणि आपलें मूल शाळेंत पाठवितों. हा दुटप्पीपणा आपल्यासच सोडला पाहिजे.

४. गुरांसाठीं वाडीवार एक प्रौढ गुराखी पगारावर ठेवावा. दहा-पंधरा घरांवर वांटला तर हा खर्च जड नाहीं, आणि दहा-पंधरा मुलें त्यानें मोकळीं होतात.

५. आपल्या फडावर टोळी उतरली, कीं पहिल्याच दिवशीं मुलें किती आहेत, हें विचारावें आणि त्यांस जवळच्या शाळेंत पोंचवावें. शाळा सोडल्याचा दाखला नाहीं किंवा वयाचा पुरावा नाहीं, या सबबीवर कायद्यानें प्रवेश नाकारतां येत नाहीं. मजूर हें मुख्याध्यापकांस सांगण्यास कचरतो. बागाईतदारानें बरोबर जाऊन सांगितलें, तर काम होतें.

६. आठवीनंतरच्या मुलांमुलींसाठीं सोसायटीनें, दूधसंस्थेनें व कारखान्यानें आपल्या धर्मादाय निधींतून सायकली, वाहन किंवा तालुक्याच्या गांवीं वसतिगृहाच्या खोल्या द्याव्या. देवळाच्या कळसाइतकेंच हें पुण्यकर्म आहे, आणि त्याचें फळ याच पिढींत दिसतें.

७. मुलगी व मुलगा यांचा खाडा एकाच कागदावर मांडावा. मुलीच्या खुणा अधिक दिसल्या, तर तिच्या हातांतील कोणतें काम दुसऱ्याकडे देतां येईल, हें घरच्या पुरुषांनीं बसून ठरवावें.

यांतील एकाही गोष्टीस मोठा पैसा लागत नाहीं, लक्ष लागतें. शेतकरी आपल्या पिकाकडे जें लक्ष देतो, त्याचा दहावा हिस्सा पुरे आहे. हारटॉग समितीनें मोजलेल्या शंभर मुलांतील ज्या ब्यायशींचा माग लागला नाहीं, त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आज आपल्याच गांवांत आहेत. कांहीं आपल्या घरांत आहेत, कांहीं आपल्या शेतांत राबत आहेत. यंदाच्या सुगींत गुरुजी दाराशीं आले आणि एखाद्या मुलाविषयीं विचारूं लागले, तर ‘चार दिवसांनीं पाठवितों’ असें त्यांस सांगूं नये. मूल त्याच पावलीं त्यांच्याबरोबर पाठवावें. राहिलेलीं रोपें आपण स्वतः पुरवावीं.